घनफळावरून लांबी, रुंदी आणि उंची कशी काढतात? ब्रास, पाण्याची टाकी आणि कंटेनरचे गणित

पनवेलजवळच्या एखाद्या गावात घराचे बांधकाम सुरू असते. सकाळी खडीचा डंपर येतो. ड्रायव्हर सांगतो, "साहेब, तीन ब्रास आहे." फाळका उघडतो आणि दोन मिनिटांत खडीचा ढीग जमिनीवर पडतो. तो माल खरोखर तीन ब्रास होता की अडीच, हे ढीग बघून सांगणे अवघड असते. फाळका उघडण्याआधी मात्र ते एका टेपने आणि एका भागाकाराने कळले असते.

ब्रास हे घनफळाचे माप आहे. घनफळ म्हणजे एकच आकडा, पण हौद्याला लांबी, रुंदी आणि उंची अशा तीन बाजू असतात. त्या एका आकड्यावरून तीन बाजू काढता येतात का, हा प्रश्न शाळेच्या परीक्षेत येतो. तोच प्रश्न घर बांधताना, सोसायटीची टाकी बांधताना आणि गोदामात माल रचतानाही पडतो.

थोडक्यात उत्तर

- नुसते घनफळ माहीत असेल तर तीन बाजूंचे एकच उत्तर मिळत नाही. शक्यता अगणित असतात.
- बाजू पूर्ण संख्यांतच असाव्यात अशी अट घातली तर शक्यता मोजक्या उरतात आणि त्यांची पूर्ण यादी करता येते.
- घनफळाबरोबर आणखी दोन गोष्टी कळल्या (दोन बाजू, किंवा तिन्ही बाजूंचे एकमेकींशी गुणोत्तर) तर उत्तर नेमके मिळते.
- एकच बाजू माहीत असेल तर उरलेल्या दोन बाजूंचा गुणाकार कळतो. त्या वेगवेगळ्या कळत नाहीत.

इष्टिकाचिती म्हणजे काय?

काडेपेटी, वीट, पुस्तक, कपाट, चौकोनी हौद किंवा मालाचा कंटेनर अशा आकाराला मराठी पाठ्यपुस्तकांत इष्टिकाचिती म्हणतात. तिची सहाही पृष्ठे आयताकृती असतात. इष्टिका म्हणजे वीट आणि चिती म्हणजे रचना. विटा नीट रचल्यावर जो आकार तयार होतो, ती इष्टिकाचिती. तिन्ही बाजू सारख्या असतील तर तिला घन म्हणतात.

विटा रचण्याचे गणित भारतात फार जुने आहे. शुल्बसूत्रांमध्ये यज्ञवेदी बांधण्याचे नियम दिले आहेत. त्यांत श्येन म्हणजे ससाण्याच्या, कासवाच्या किंवा रथचक्राच्या आकाराची वेदी सांगितली आहे, पण क्षेत्रफळ ठरलेलेच राखायचे असते. माप एक आणि आकार अनेक, ही कल्पना तिथेही आहे.

इष्टिकाचितीचे सूत्र सोपे आहे:

घनफळ = लांबी × रुंदी × उंची

तीन बाजू माहीत असतील तर गुणाकार केला की काम झाले. अडचण उलट दिशेने जाताना येते, कारण एकच संख्या अनेक प्रकारे तीन संख्यांचा गुणाकार म्हणून लिहिता येते.

एक ब्रास म्हणजे किती?

एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. मेट्रिक मापात ते सुमारे २.८३ घनमीटर होते. देशात मेट्रिक पद्धत येऊन सहा दशके उलटली, तरी महाराष्ट्रात वाळू, खडी, मुरूम आणि माती यांचा व्यवहार अजून ब्रासमध्येच चालतो. गौण खनिजाची रॉयल्टीसुद्धा ब्रासच्या हिशेबाने आकारली जाते. पनवेल तालुक्यातल्या दगडखाणी आणि क्रशरवर, तसेच आसपासच्या बांधकामांवर हा शब्द रोज कानावर पडतो.

आता प्रश्न असा: एका पेटीत बरोबर एक ब्रास माल मावतो आणि पेटीच्या तिन्ही बाजू पूर्ण फुटांत आहेत, तर पेटीची मापे काय असू शकतील?

पूर्ण यादी करण्याची पद्धत

अंदाजाने जोड्या शोधत बसले की एखादी हमखास सुटते. म्हणून सर्वांत लहान बाजूपासून सुरुवात करावी आणि बाजू चढत्या क्रमानेच लिहाव्यात. तसे केले की एकच पेटी आडवी-उभी करून दोनदा लिहिली जात नाही.

पायरी १. सर्वांत लहान बाजू किती मोठी असू शकते ते पाहावे. तिचा घन एकूण घनफळापेक्षा जास्त होऊ शकत नाही. ४ चा घन ६४ आणि ५ चा घन १२५. म्हणून १०० घनफुटांच्या पेटीची सर्वांत लहान बाजू ४ फुटांपेक्षा मोठी नसते.

पायरी २. ४ पर्यंतच्या ज्या संख्यांनी १०० ला पूर्ण भाग जातो त्या घ्याव्यात: १, २ आणि ४. तीनने भाग जात नाही, म्हणून ३ बाद.

पायरी ३. प्रत्येकीने १०० ला भागून जो भागाकार येईल त्याच्या जोड्या पाडाव्यात. जोडीतली कोणतीही संख्या सुरुवातीच्या बाजूपेक्षा लहान नसावी.

- लहान बाजू १ असेल तर १०० उरतात. जोड्या: १ × १००, २ × ५०, ४ × २५, ५ × २०, १० × १०.
- लहान बाजू २ असेल तर ५० उरतात. जोड्या: २ × २५, ५ × १०.
- लहान बाजू ४ असेल तर २५ उरतात. जोडी: ५ × ५.

एकूण आठ पेट्या झाल्या. प्रत्येकीत एक ब्रासच माल मावतो. पण पेटी सगळ्या बाजूंनी पत्र्याने बंद करायची ठरवली तर पत्रा मात्र वेगवेगळा लागतो:

- १ × १ × १०० फूट: पत्रा ४०२ चौरस फूट
- १ × २ × ५० फूट: ३०४ चौरस फूट
- १ × ४ × २५ फूट: २५८ चौरस फूट
- १ × ५ × २० फूट: २५० चौरस फूट
- १ × १० × १० फूट: २४० चौरस फूट
- २ × २ × २५ फूट: २०८ चौरस फूट
- २ × ५ × १० फूट: १६० चौरस फूट
- ४ × ५ × ५ फूट: १३० चौरस फूट

पहिल्या पेटीला शेवटच्या पेटीच्या तिपटीहून जास्त पत्रा लागतो. बाजू जितक्या एकमेकींच्या जवळ येतात तितका पत्रा कमी लागतो. नेमका घन केला तर प्रत्येक बाजू सुमारे ४.६४ फूट येते आणि पत्रा साधारण १२९ चौरस फूट लागतो. ४ × ५ × ५ ही पेटी त्याच्या अगदी जवळ आहे.

एखादी पेटी सुटली नाही ना?

यादी तपासण्याची एक सोय आहे. १०० चे मूळ अवयव पाडले तर २ × २ × ५ × ५ मिळतात. दोन वेळा येणारा २ लांबी, रुंदी आणि उंची या तीन जागांत ६ प्रकारे वाटता येतो. दोन वेळा येणारा ५ सुद्धा ६ प्रकारे वाटता येतो. म्हणून लांबी कोणती, रुंदी कोणती आणि उंची कोणती हा फरक मोजला तर एकूण ६ × ६ = ३६ मांडण्या होतात.

वरच्या आठ पेट्यांपैकी चार पेट्यांच्या तिन्ही बाजू वेगळ्या आहेत. अशी पेटी सहा प्रकारे ठेवता येते. उरलेल्या चार पेट्यांत दोन बाजू सारख्या आहेत. त्या तीनच प्रकारे ठेवता येतात. ४ × ६ आणि ४ × ३ यांची बेरीज ३६. हिशेब जुळला, म्हणजे एकही पेटी राहिलेली नाही.

किती शक्यता निघतील हे संख्येच्या आकारापेक्षा तिच्या अवयवांवर अवलंबून असते. १३ ही मूळ संख्या आहे, म्हणून १३ घनफुटांची पूर्ण फुटांतली पेटी एकच: १ × १ × १३. याउलट २४ या संख्येला सहा पेट्या मिळतात.

पूर्ण संख्यांची अट केव्हा फसवते?

ही अट वहीतल्या गणितासाठी सोयीची आहे, पण प्रत्यक्षातल्या वस्तू ती पाळत नाहीत. त्याचे उदाहरण पनवेल-उरण परिसरातल्या रस्त्यांवर दिवसभर धावत असते. उरण तालुक्यात न्हावा शेवा येथे १९८९ मध्ये जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. तिथे ये-जा करणारे कंटेनर ट्रेलर पनवेल आणि कळंबोलीच्या लोकांना रोज दिसतात.

२० फुटी कंटेनरचे बाहेरचे घनफळ ठोकळ मानाने १,३६० घनफूट असते. एवढाच आकडा घेऊन पूर्ण संख्यांची यादी केली तर ८ × १० × १७ ही पेटी सापडते आणि ती कंटेनरसारखी वाटतेही. पण खरा कंटेनर ८ फूट रुंद, साडेआठ फूट उंच आणि म्हणायला २० फूट लांब असतो (नेमके सांगायचे तर लांबी दीड इंच कमी असते). ८ × ८.५ × २० केले तरी १,३६० च येतात. साडेआठ ही पूर्ण संख्या नसल्याने खरे उत्तर यादीत येतच नाही.

कंटेनरच्या व्यवहारात हा गोंधळ होत नाही, कारण आंतरराष्ट्रीय मानकाने रुंदी ठरवून दिली आहे आणि नेहमीच्या कंटेनरची उंचीही ठरलेली असते. मग २० फुटी की ४० फुटी एवढे सांगितले तरी पुरते. दोन बाजू आधीच ठरलेल्या असल्या की तिसरी आपोआप हाती येते. डंपरच्या बाबतीतही तेच करायचे असते.

दोन बाजू माहीत असतील तर: डंपरचा हिशेब

समजा, डंपरच्या हौद्याची आतली लांबी १२ फूट आणि रुंदी ७ फूट आहे. तळाचे क्षेत्रफळ झाले ८४ चौरस फूट. तीन ब्रास म्हणजे ३०० घनफूट.

उंची = ३०० ÷ ८४ = ३.५७ फूट

०.५७ फूट म्हणजे जवळपास ७ इंच. म्हणजे माल सपाट केल्यावर ३ फूट ७ इंचांपर्यंत भरलेला असेल तरच तो तीन ब्रास आहे.

तोच माल ३ फुटांपर्यंतच भरला असेल तर ८४ × ३ = २५२ घनफूट, म्हणजे अडीच ब्रासच्या थोडे वर. पैसे तीन ब्रासचे दिले तर ४८ घनफुटांचा, जवळजवळ अर्ध्या ब्रासचा फटका बसतो. या हौद्यात उंचीचा प्रत्येक इंच ७ घनफुटांचा असतो. बघताना दोन-तीन इंच किरकोळ वाटतात, पण दहा-बारा खेपांमध्ये त्यांचे एक-दोन ब्रास होतात.

मोजताना काही गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात:

- माप हौद्याच्या आतून घ्यावे. बाहेरून घेतले तर पत्र्याची जाडी आणि आडव्या-उभ्या पट्ट्याही मालात धरल्या जातात.
- मध्ये उंच आणि कडेला उतरता भरलेला माल इष्टिकाचिती नसतो. तो सपाट करून किंवा चार-पाच ठिकाणी खोली मोजून सरासरी काढावी.
- हौद्यात जॅकची पेटी किंवा उंचवटा असेल तर तेवढे घनफळ वजा करावे.
- वाळू किंवा क्रश सँड किंचित ओली असेल तर ती फुगते. कणांभोवती पाण्याचा थर बसल्याने तीच वाळू चौथाईपर्यंत किंवा त्याहूनही जास्त जागा व्यापते. अशा वेळी घनफळ बरोबर भरते, पण माल कमी मिळतो.

शेवटच्या मुद्द्यामुळे मोठ्या कामांवर वजनकाट्याचाही आधार घेतात. कोरडी वाळू दर घनमीटरला साधारण दीड ते १.६ टन भरते. त्या हिशेबाने एक ब्रास वाळू सव्वाचार ते साडेचार टनांच्या आसपास जाते.

एक बाजू माहीत असेल तर: गच्चीवरची टाकी

पनवेल शहराला गाढी नदीवरच्या देहरंग धरणातून पाणी मिळते. ते पुरत नसल्याने इतर यंत्रणांकडूनही पाणी घ्यावे लागते. उन्हाळ्यात टँकर येतात आणि सोसायट्यांच्या बैठकीत मोठी टाकी बांधण्याचा विषय निघतो. इथे घनफळ गरजेवरून ठरते आणि बाजू मागाहून शोधाव्या लागतात.

समजा, सोसायटीत ४० घरे आहेत आणि प्रत्येक घरात सरासरी चार माणसे. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी रोज १३५ लिटर हे प्रमाण देशात सर्रास वापरले जाते. १६० × १३५ = २१,६०० लिटर. थोडा राखीव साठा धरून २४,००० लिटरची टाकी ठरली. १,००० लिटर म्हणजे १ घनमीटर, म्हणून टाकीचे घनफळ २४ घनमीटर.

पूर्ण मीटरमध्ये सहा शक्यता निघतात: १ × १ × २४, १ × २ × १२, १ × ३ × ८, १ × ४ × ६, २ × २ × ६ आणि २ × ३ × ४. गच्चीवर २४ मीटर लांबीची नळीसारखी टाकी कोणी बांधत नाही, म्हणून सुरुवातीच्या शक्यता लगेच बाद होतात. आता पाण्याची खोली दीड मीटर ठरवली तर तळाचे क्षेत्रफळ २४ ÷ १.५ = १६ चौरस मीटर येते. पण १६ चौरस मीटर म्हणजे ४ × ४, की २ × ८, की ३.२ × ५? ते जागेवर ठरते. ४ × ४ च्या टाकीत तळ आणि भिंती मिळून ४० चौरस मीटर वॉटरप्रूफिंग करावे लागते, तर २ × ८ च्या टाकीत ४६. चौरस तळ इथे स्वस्त पडतो.

यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न वजनाचा आहे. २४ घनमीटर पाणी म्हणजे २४ टन. टाकी कोणत्याही आकाराची असली तरी वजन बदलत नाही. बदलतो तो तळाच्या दर चौरस मीटरवर येणारा भार:

- ४ × ६ मीटर तळ, १ मीटर पाणी: दर चौरस मीटरला १ टन
- ४ × ४ मीटर तळ, दीड मीटर पाणी: दर चौरस मीटरला दीड टन
- ३ × ४ मीटर तळ, २ मीटर पाणी: दर चौरस मीटरला २ टन
- २ × ३ मीटर तळ, ४ मीटर पाणी: दर चौरस मीटरला ४ टन

टाकीच्या भिंतींचे आणि तळाचे वजन यात धरलेले नाही. माणसांचा वावर असलेल्या सपाट गच्चीसाठी भारतीय मानकात दर चौरस मीटरला सुमारे १५० किलो भार धरला जातो. म्हणजे सर्वांत उथळ टाकीसुद्धा त्याच्या सहापटीहून जास्त भार टाकते. म्हणूनच मोठी टाकी नुसत्या स्लॅबवर ठेवत नाहीत. तिचा भार बीम आणि कॉलमवर जाईल अशी स्वतंत्र रचना करतात. जुन्या इमारतीवर नवी टाकी बसवण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घेण्याचे कारणही हेच. "लिटर तेवढेच आहेत, टाकी जरा उंच करू, जागा वाचेल" हा विचार घनफळाच्या गणितात बरोबर बसतो, पण स्लॅबच्या गणितात चुकतो.

गुणोत्तर माहीत असेल तर: विटेचा हिशेब

कधी बाजू माहीत नसतात, पण त्यांचे एकमेकींशी प्रमाण माहीत असते. भारतीय मानकातली मॉड्युलर वीट १९ × ९ × ९ सेंटिमीटरची असते. एक सेंटिमीटर सिमेंट-वाळूचा मसाला धरला तर भिंतीत ती २० × १० × १० सेंटिमीटर जागा घेते. हे प्रमाण झाले २ : १ : १.

आता उलट बाजूने पाहू. मसाल्यासकट विटेचे घनफळ २,००० घन सेंटिमीटर आणि बाजूंचे प्रमाण २ : १ : १ एवढेच दिले आहे. लहान बाजू क्ष मानली तर

२क्ष × क्ष × क्ष = २,०००
क्ष³ = १,०००
क्ष = १०

म्हणून बाजू २०, १० आणि १० सेंटिमीटर. गुणोत्तर मिळाल्यामुळे तीन अज्ञातांच्या जागी एकच अज्ञात उरले आणि घनमूळ काढताच उत्तर आले. याच मापावरून एक घनमीटर भिंतीला ५०० विटा लागतात असा हिशेब निघतो. स्थानिक भट्टीच्या विटा वेगळ्या मापाच्या असतात. त्यामुळे एखादी वीट मोजून घेतल्याशिवाय हा आकडा वापरू नये.

घनफळ अक्षरांत दिले असेल तर

नववीच्या बीजगणितात हाच प्रश्न बहुपदीच्या रूपात येतो. उदाहरणार्थ, इष्टिकाचितीचे घनफळ १०क्ष² − ३०क्ष आहे, तर तिच्या संभाव्य बाजू कोणत्या?

इथेही अवयवच पाडायचे: १०क्ष² − ३०क्ष = १० × क्ष × (क्ष − ३). म्हणून एक शक्यता अशी: १०, क्ष आणि (क्ष − ३).

प्रश्नात "संभाव्य" हा शब्द मुद्दाम असतो, कारण अवयवांची वाटणी वेगळीही करता येते. २, ५क्ष आणि (क्ष − ३) हेही उत्तर चालते. १, १०क्ष आणि (क्ष − ३) हेही चालते. क्षची किंमत ५ घेतली की पहिल्या उत्तरातून १० × ५ × २, दुसऱ्यातून २ × २५ × २ आणि तिसऱ्यातून १ × ५० × २ मिळते. तिन्हींचे घनफळ १००. या तिन्ही पेट्या वरच्या ब्रासच्या यादीत आहेत.

एक अट मात्र विसरायची नसते. बाजू शून्य किंवा ऋण असू शकत नाही, म्हणून इथे क्ष ३ पेक्षा मोठा असला पाहिजे.

नेहमी होणाऱ्या चुका

फूट आणि इंच: ३ फूट ७ इंच म्हणजे ३.७ फूट नव्हे. इंचांना १२ ने भागावे लागते. ७ ÷ १२ = ०.५८, म्हणून ते ३.५८ फूट झाले.

मीटर आणि फूट: १ मीटर म्हणजे ३.२८ फूट, पण १ घनमीटर म्हणजे सुमारे ३५.३ घनफूट. रूपांतर तीन वेळा लागू होते, कारण बाजू तीन आहेत. १०,००० लिटरचा टँकर म्हणजे १० घनमीटर, म्हणजेच ३५३ घनफूट.

बाहेरचे माप: टाकी बाहेरून ४ × ४ मीटर आणि भिंत १५ सेंटिमीटर जाड असेल तर आतून ती ३.७ × ३.७ मीटरच राहते. दीड मीटर पाण्याला २४,००० लिटरऐवजी सुमारे २०,५०० लिटर मावतात. साडेतीन हजार लिटर भिंतीत जातात. शिवाय वर थोडी मोकळी जागाही सोडावी लागते, म्हणून बांधकामाची उंची पाण्याच्या खोलीपेक्षा जास्त धरतात.

दोन प्रकारचे ब्रास: प्लास्टर, फरशी आणि स्लॅबच्या कामात ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. वाळू आणि खडीत तो १०० घनफूट असतो. दर ठरवताना कोणता ब्रास हे विचारून घ्यावे.

काही प्रश्न

घनफळावरून पृष्ठफळ कळते का?
नाही. एक ब्रासच्या आठ पेट्यांचे पृष्ठफळ १३० पासून ४०२ चौरस फुटांपर्यंत बदलते.

सर्व बाजू दुप्पट केल्या तर टाकीत दुप्पट पाणी मावते का?
नाही, आठपट मावते. दुप्पट पाणी हवे असेल तर एकच बाजू दुप्पट करावी, किंवा तिन्ही बाजू सुमारे १.२६ पट कराव्यात.

गोल टाकीला हे सूत्र चालते का?
नाही. प्लास्टिकच्या गोल टाक्या वृत्तचिती असतात. त्यांचे घनफळ तळाच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ गुणिले उंची असे काढतात.

डंपर दारात उभा असताना नक्की काय करायचे?
फाळका उघडण्याआधी हौद्याची आतली लांबी, रुंदी आणि सपाट केलेल्या मालाची उंची फुटांत मोजायची, तिन्हींचा गुणाकार करून १०० ने भागायचे. येईल तो आकडा ब्रास. तो पावतीवरच्या आकड्याशी जुळला की मगच माल खाली करू द्यायचा.